फुलचुखीचा फोटो

आमच्या घरात फोटो म्हणजे न हलणाऱ्या माणसांचा, अशीच माझी लहानपणापासून समजूत होती. पेणला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, फोटोचं दुकान होतं. दोन्ही बाजूंना गणपतीचे कारखाने आणि मध्ये आम्ही. अण्णा स्वतः लग्नाआधी त्यातल्याच एका कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे, त्यामुळे हात असा स्थिर की शेजारी भांडं पडलं तरी ब्रश हलायचा नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की त्याला ते आधी भीती घालायचे, “हललात तर नाकं दोन येतील.” बिचारी माणसं श्वास धरून बसायची. म्हणून त्या काळातल्या पेणच्या निम्म्या लोकांच्या फोटोत डोळे वटारलेले दिसतात. कारखान्यांतली पांढरी धूळ दाराला कितीही पडदे लावले तरी आत यायची. ती निगेटिव्हवर बसली की फोटोत बरोब्बर तिथे पांढरा ठिपका उमटायचा. मग अण्णा चष्मा कपाळावर चढवून, काळ्या शाईत बारीक ब्रश बुडवून, एकेक ठिपका भरत बसायचे. डोळे आखण्यातला आनंद त्यांना यातही मिळत असावा. भरून झालं की मला हाक मारायचे. मी फोटो उजेडात तिरका धरून बघायचा. शाई जास्त लागली असेल तिथे कागद चमकतो. “चमकतंय का गो शालू?” “नाय अण्णा.” मग तो पाकिटात जायचा.

मॅट्रिक झाल्यावर पुढे काय, याचा विचार घरात कुणी करायच्या आधीच आमची वरात रोह्याला निघाली. माझी थोरली बहीण सुमन, आमची ताई, रोह्याजवळ वरशाला राहत होती. भावजी तिथल्या कंपनीत शिफ्टला जायचे. ताईला दिवस गेले होते आणि रिवाजाप्रमाणे ती बाळंतपणाला पेणला यायची होती, पण रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवरून उतरायलाच बंदी केली. एसटीचा प्रवास तर दूरच. वडखळपर्यंतचे ते खड्डे आठवले की आजही माझी पाठ बोलते. तेव्हा मुलगी माहेरी येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरच उठून मुलीकडे गेलं. आई, मी, पोह्याच्या पापडांचा डबा, बाळंतविड्याचं सामान आणि अण्णांनी माझ्या हट्टापायी दिलेला जुना कॅमेरा. अण्णा दुकानासाठी पेणला राहिले आणि स्वतःच्या हातचा भात खाऊन बारीक झाले. खरं म्हणजे सगळ्यांचेच जीव टांगणीला लागले होते. कारण ताईचं हे पहिलं बाळंतपण नव्हतं. आदल्या वर्षी पेणला तिचं बाळ जन्मलं तेच गेलं होतं. ते तिला दाखवलंच नाही. बघितलं की माया लागते, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, आणि अण्णा नि भावजी ते घेऊन गेले. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात एक शब्द निघाला नाही.

वरशाचं घर लहान होतं, पण मागे परसू मोठं. चिकू, पेरू, केळीचं बन, विहीर आणि विहिरीवर ओणवी झालेली जुनी जास्वंद. भाताची कापणी कधीच उरकली होती आणि शेतांत वाल उभा होता. शेजारच्या पारूकाकींचं शेत आमच्या कुंपणाला लागून. त्या रोज काहीतरी घेऊन यायच्या, कधी वालाच्या शेंगा, कधी ओली हळद, आणि ओटीवर बसून आईबरोबर मोड आलेले वाल सोलायच्या. त्या सोललेल्या डाळिंब्या परातीत पडल्याचा टपटप आवाज म्हणजे माझ्यासाठी ते घर. ताई आतून ओरडायची, “मला पण बिरडं पायजे!” आणि आई इथूनच, “वाल वातूळ असतात, तुला पेज.” पारूकाकी माझ्या आईहून मऊ होत्या. “दे गो दोन डाळिंब्या, काय व्हतंय,” म्हणायच्या. पण आईपुढे त्यांचंही चालत नसे.

माझं काम ताईजवळ बसायचं आणि ती झोपली की परसात जायचं. त्या परसात इतके बारके पक्षी होते की मी पहिल्याच आठवड्यात वेडी झाले. शिंपी, वटवट्या, शेपटीचा पंखा करून नाचणारा नाचण, आणि जास्वंदीवर फुलचुखी. शिंजीर हा शब्द मला पुष्कळ पुढे पुस्तकात भेटला, आमच्याकडे ती फुलचुखीच. अंगठ्याएवढा जीव, नराची पाठ उन्हात जांभळी दिसायची, मादी साधी, पोटाशी पिवळसर. माझा कॅमेरा दोन भिंगांचा होता. तो छातीशी धरून वरून काचेत बघायचं आणि काचेत चित्र उलटं दिसायचं. पक्षी उजवीकडे उडाला की काचेत डावीकडे जायचा. मी डावीकडे वळायची, तोवर तो तिसऱ्याच झाडावर बसून मला शिव्या घालत असायचा. पहिला रोल धुऊन आला त्याबरोबर अण्णांचा निरोप होता की पानं फार सुंदर आली आहेत. आता माझा नातू त्याच्या कॅमेऱ्यात एका दमात वीस फोटो काढतो आणि त्यातले एकोणीस पुसतो. मला त्याचा हेवा वाटत नाही असं नाही, पण आम्ही एका फोटोसाठी पक्ष्याची सगळी दिनचर्या पाठ करायचो, तेवढी त्याला माहीत नाही.

त्या जास्वंदीच्या एका फांदीच्या टोकाला फुलचुखीने घरटं बांधलं. कोळिष्टकं, सालपटं, वाळकी पानं असं सगळं कचऱ्यातलं सामान लावून केलेली लोंबती थैली. ताईच्या खाटेवरून खिडकीतून ती दिसायची, पण मागच्या बाजूने. घरट्याचं तोंड विहिरीकडे होतं. ते ताईने पहिल्या काडीपासून बघितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी हलू नको म्हटलेल्या बाईला दुसरं काय बघायला असतं? मादी किती वेळा आत जाते ते ती मोजायची, आणि नर नुसता गाणी म्हणत फिरतो म्हणून तिचा त्याच्यावर रागही होता. “तुझ्या भावजींसारखाच हाय,” असं ती मला म्हणाली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, कारण तिने पुष्कळ दिवसांत थट्टा केली नव्हती. बोलता बोलता तिने मनाशी काहीतरी ठरवूनच टाकलं. ते तिने सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं. या घरट्यातलं नीट झालं की आपलंही नीट होणार.

आणि एका सकाळी जास्वंदीत भारद्वाज आला. आमच्याकडे भारद्वाज दिसणं फार शुभ. आईने तर तांबडे पंख दिसल्याबरोबर हात जोडले आणि ताईला हाक मारून सांगितलं, “बघ गो, भारद्वाज! चांगलं होणार तुझं.” ताई बघतच होती. पण तिने हात जोडले नाहीत. तो मोठा पक्षी फांद्यांतून धडपडत त्या लोंबत्या थैलीकडे सरकत होता, आणि फुलचुखीची जोडी त्याच्या डोक्यावर जीव तोडून ओरडत होती. भारद्वाज दुसऱ्यांच्या घरट्यांतली पिल्लं खातो हे पारूकाकींनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. मी काठी घेऊन धावले, तो उडाला, पण घरटं बराच वेळ हेलकावत राहिलं. त्या दिवशी ताईला खिडकीतून फुलचुखी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी दिसली, पण आत शिरताना नाही.

ताईने जेवण सोडलं. सोडलं म्हणजे पेजेचे दोन घोट घ्यायची आणि वाटी परत द्यायची. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी रक्तदाब बघितला आणि ओटीवर येऊन आईला हळू आवाजात म्हणाल्या, “ही अशीच राहिली तर मला आधीच काहीतरी करावं लागेल, आणि बाळ अजून लहान आहे.” आईचा चेहरा पांढरा पडला. आत जाऊन ती म्हणाली, “अगो, पिल्लं हायत आत. मी आवाज ऐकला.”

“तेव्हा पण तू म्हणालीस, बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय,” ताई म्हणाली. “एक दिवस मी त्या पेटीची वाट बघत व्हते.”

पारूकाकी म्हणाल्या, मी म्हणाले, भावजी म्हणाले, पिल्लं आहेत, ठीक आहेत. ताई भिंतीकडे तोंड करून झोपायची. आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. चीं चीं ऐकू यायचं, पण परसात चीं चीं करणारे काय कमी होते? विहिरीवर लोंबणाऱ्या त्या तोंडात डोकावायचं तर रहाटाच्या वाशावरून लटकावं लागलं असतं, आणि माणसाचा हात लागला की पक्षी घरटं टाकून जातो, असं म्हणून आई मला जवळ फिरकू देत नव्हती. शेवटी ताईच म्हणाली, “शाले, फोटो काढ. तोंडाकडून. तुम्ही सगळे खोटं बोलाल, फोटो नाय बोलणार.”

मग मी लागले कामाला. विहिरीवर रहाटाचे दोन खांब होते आणि त्यांवर आडवा वासा. त्या वाशाला आधी पावडरचा रिकामा डबा बांधला, घरट्याच्या तोंडासमोर, की पक्ष्यांना सवय व्हावी. पहिल्या दिवशी त्यांनी डब्यावर फार आरडाओरडा केला, मग नर त्याच्यावरच बसून गायला लागला. तेव्हा मी डबा काढून तिथे कॅमेरा बांधला, लख्ख ऊन यायची वाट पाहिली, आणि बटणाला बांधलेला दोरा थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणला. दारात आई दोन्ही हातांनी पदर धरून उभी. फुलचुखी येते कशी, पहिल्यांदा केळीवर, मग पेरूवर, मग एकदम घरट्याला लटकलेली, आणि तुम्ही ‘आली’ म्हणेपर्यंत गेलेली. ‘आली’ म्हणून दोरा ओढला तर रिकामी फांदी मिळणार हे मला आधीच्या रोलने शिकवलं होतं. ती पेरूवर आली की मनातल्या मनात ‘एक’ म्हणायचं आणि ओढायचं. एकदा ओढला की रीळ फिरवायला वाशापर्यंत जायचं, ती पळायची, पुन्हा सगळं पहिल्यापासून. असा दोन दिवसांत रोल संपवला आणि भावजींनी तो पेणच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिला. अण्णांना निरोप एवढाच गेला की फुलचुखीचे फोटो आहेत, लवकर करा, ताईला बघायचेत. कशासाठी बघायचेत हे सांगायचं कुणाला सुचलं नाही, आणि मला वाटतं, सुचलं असतं तरी त्या विषयावर निरोप पाठवायचं धाडस कुणी केलं नसतं.

अण्णा फोटो घेऊन स्वतःच आले. दुकान बंद ठेवून आले यावरून आम्ही ओळखलं की फोटो चांगला आला आहे. हातपाय धुतले, आईने दिलेला चहा न पिता थेट ताईच्या खाटेशी गेले आणि पाकिटातून तळहाताहून मोठा फोटो काढून तिच्या हातात दिला. “घे. सबंध रोलात हा एक. पण असा फोटो मी जन्मात नाय बघितला.” खरंच सुंदर होता. फुलचुखी घरट्याच्या तोंडाखाली लटकलेली, मान वळवलेली, चोचीत काहीतरी बारीक, आणि पंखाचं एकेक पीस वेगळं. मी तो बघून आनंदाने उडीच मारणार होते. “धूळ किती बसली व्हती,” अण्णा सांगत होते. “रात्री कारखान्यात मूर्तींचं घासकाम चाललं व्हतं ना. एकेक ठिपका भरला. एक डाग राहू दिला नाय.”

ताई फोटोकडे बघत होती. मग ती शांतपणे म्हणाली, “आत काय नाय.”

घरट्याचं तोंड काळंकुट्ट होतं.

“अगो, आत अंधार, म्हणून दिसत नाय,” आई घाईने म्हणाली. “आणि ती खाऊ घेऊन आलीय की. पिल्लं नसती तर कशाला आली असती?”

“रिकामं असलं तरी येतात,” ताई म्हणाली. “मी नव्हते का पाळण्याशी जाऊन बसत?”

अण्णांना काय चाललं आहे ते कळेना. ते एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघू लागले. ताईने फोटो पांघरुणावर ठेवला आणि डोळे मिटले. तिचे ओठ निळसर दिसत होते, की मला तसे वाटले, कोण जाणे. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. हाताला काहीतरी हवं म्हणून मी फोटो उचलला, आणि दुकानात वर्षानुवर्षं केलं तेच केलं, खिडकीच्या उजेडात तो तिरका धरला. सगळा कागद सारखा होता. फक्त घरट्याच्या काळ्या तोंडात, अगदी मधोमध, दोन जागा चमकत होत्या.

“अण्णा, इथं काय भरलंत?”

“कुठं?” त्यांनी चष्मा लावला. “हां. ते दोन मोठे व्हते. अगदी शेजारी शेजारी. चांगली दोनदा शाई द्यावी लागली.”

मी बोट जिभेला लावलं आणि त्या जागी घासलं. “अगो, खराब होईल!” म्हणून अण्णा ओरडले, आणि हात पुढे करता करता थांबले. शाई बोटाला आली. खाली कागद पांढरा होऊ लागला. पुन्हा बोट ओलं केलं, पुन्हा घासलं. त्या काळ्या भोकातून दोन चोची वर आल्या, आ वासलेल्या. एक पूर्ण, दुसरी पहिलीच्या आड अर्धी, आणि दोन्ही आईच्या दिशेने.

“ताई, बघ. ताई, डोळे उघड गो, बघ तरी!”

तिने बघितलं. फोटो डोळ्यांशी नेला, लांब धरला, बोट फिरवलं, स्वतःचं बोट ओलं करून राहिलेली शाई काढली. मग ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. आई एकीकडे डोळे पुसत होती आणि एकीकडे “हसू नको, पोट ताणेल” म्हणून रागावत होती. अण्णा ट्रंकेवर बसले. “मी पिल्लं बुजवली?” ते म्हणाले. “चांगली जिवंत पिल्लं?” मग तर मलाही आवरेना. इतक्या आठवड्यांचं दडपण एकदम उतरलं की माणसाला हसू येतं की रडू, याचा पत्ता लागत नाही. मी जमिनीवरच बसले. पारूकाकी आवाज ऐकून धावत आल्या, त्यांना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, “व्हय गो बाय, ही तर खादाड हायत!”

“मला भूक लागलीय,” ताई म्हणाली. “बिरडं.” आणि आईने, माझ्या त्या कडक आईने, वातूळ हा शब्द न उच्चारता पातेलं चुलीवर चढवलं.

वाल शिजत होते. घरभर लसणीचा आणि कोकमाचा वास भरला होता. ताई फोटो छातीवर ठेवून पडली होती आणि अण्णा अजून ट्रंकेवरच बसून होते. तेव्हा तिने छताकडे बघत विचारलं, “अण्णा, माझं पहिलं काय व्हतं? मुलगा की मुलगी?”

स्वयंपाकघरातला डाव थांबला. “आता कशाला गो,” आई तिथूनच म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

अण्णा उठले आणि खाटेच्या कडेला बसले. मला वाटलं ते काहीतरी गुळगुळीत बोलतील. ते म्हणाले, “मुलगी व्हती.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “केस पुष्कळ. काळे, कपाळावर आलेले. उजव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली व्हती. आणि गालावर तीळ. तुझ्या आहे तिथंच.” ते बोलत गेले. हाताची बोटं लांब होती, एका नखाशी ओरखडा होता, ओठ मिटलेले होते. जन्मभर माणसांचे तीळ, वांग आणि देवीचे व्रण भरून टाकणाऱ्या माणसाने तिची एकही खूण गाळली नाही. “मी तिला मांडीवर घेऊन बसलो व्हतो,” ते म्हणाले. “बराच वेळ. एकटी नव्हती ती.” आणि मग माझे वडील, ज्यांचा हात कधी हलला नाही, त्यांनी थरथरत्या हाताने तोंड झाकून घेतलं. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत होती, पण ते रडणं आधीच्यासारखं भिंतीकडचं नव्हतं. आम्हाला कुणालाच तिला गप्प करावंसं वाटलं नाही.

त्या दुपारी तिने बिरडं-भात खाल्ला, पुन्हा मागितला, आणि संध्याकाळपर्यंत झोपली. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला रक्तदाब बघून “काय जादू केलीत?” असं विचारलं. पिल्लं उडाली तेव्हा ताईने ती खिडकीतून पाहिली. दिवस पूर्ण भरल्यावर तिला मुलगा झाला, आणि तो असा काही ओरडला की पारूकाकी शेतातून म्हणाल्या, “आलं गो, आलं!”

बारसं वरशालाच झालं. पाळणा बांधला, आळीतल्या बायका जमल्या. भावजींची बहीण नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली आणि सगळ्या जणी तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून उभ्या राहिल्या. तेवढ्यात ताई म्हणाली, “जरा थांबा. आधी त्याला बहिणीचं नाव सांगते.” कुणाला काही कळायच्या आत ती पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं, म्हणाली, “जुई.” उगारलेले हात तसेच राहिले. कुणी कुणाकडे बघेना. मग मागून पारूकाकी पुढे आल्या, आणि आत्याला घालतात तसा त्यांनी ताईच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. त्यांच्यामागून आईने घातला, मग मी, मग एकेक करून सगळ्यांनी.